हाकेचं कापड

सोलांजच्या पत्राला सेव्हरँ केनेलने उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं होतं ते मागच्या खेपेला काही वर्षांनी एकदा मेळ्यासाठी येणारी शिडाची जहाजं रुआँ शहरात येऊन गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात. आता जहाजं पुन्हा आली होती. मधे किती वर्षं गेली हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सीन नदीच्या काठावरची माणसं मुलांची वयंसुद्धा जहाजांच्या खेपांवरून सांगायची.

पत्र लहानसंच होतं. 'घर मोठं आहे,' तिने लिहिलं होतं. 'संध्याकाळी जेवताना समोर कुणी बसलेलं असलं तर बरं वाटेल. लग्नाचं वय गेलं आणि हौसही गेली. तू तुझी पुस्तकं घेऊन ये. वरची खोली कोरडी आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण काहीतरी म्हण.'

सेव्हरँचा सगळा जन्म शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक त्याला लांबून दिसे. स्वतःच्या मजकुरात चुकीशिवाय दुसरं काही दिसतच नसे. पत्र आलं त्याच रात्री तो उत्तर लिहायला बसला होता. पहिल्या दिवशी उत्तर धाडणं त्याला अधाशीपणाचं वाटलं. आठवड्याने ते थंड वाटलं. महिना उलटल्यावर उशिराबद्दल माफी मागणं आलं, आणि वर्ष उलटल्यावर त्या माफीचं कारण देणं आलं. कारण काय द्यायचं? पाकीट मात्र त्याने पहिल्याच दिवशी तयार केलं होतं. वर तिचा पत्ता, कोपऱ्यात टपालाचे दर वाढले तरी कधीही चालणारं तिकीट. ते रिकामं पाकीट तो वाचत असेल त्या पुस्तकात खूण म्हणून असायचं. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात ते सारखं फिरत राहिलं होतं.

सोलांज राहायची समोरच्या काठावर, ऑर्व्हिलला. तो इकडे ला फोंतेलला. मधे नदी, आणि नदीत तराफ्यासारखी रुंद फेरीबोट दिवसभर इकडून तिकडे करायची. गुरुवारच्या बाजारात दोघं भेटायची. "कसा आहेस?" ती विचारायची. "चाललंय," तो म्हणायचा. पत्राबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. त्याला वाटे, विसरली असेल. मग वाटे, विसरली असेल असं आपल्याला वाटतंय, कारण ते सोयीचं आहे.

या खेपेला आठवड्याच्या मधेच तो बसने रुआँला गेला होता. धक्क्यावर डोलकाठ्यांचं रान उभं होतं आणि त्याखाली माणसांचा चिखल. जहाजावर चढायला रांगा, भाजलेल्या सॉसेजचा धूर, कुणाच्या तरी खांद्यावरच्या मुलाचा बूट त्याच्या कानाला लागत होता. मेक्सिकोच्या जहाजापाशी त्याला सोलांज दिसली. घडीच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, चपला काढून ठेवलेल्या. तिची मुलगी मारिलीन रांगेत उभी होती. सोलांज जहाजाकडे पाहतच नव्हती. ती पाण्याकडे पाहत होती, तेही थकलेल्या डोळ्यांनी, खिडकीबाहेर पाहावं तसं. सेव्हरँ एका तंबूच्या आडोशाला सरकला आणि तसाच मागच्या मागे बसस्टॉपवर आला. घरी येऊन त्याने बूट काढले नि न जेवता झोपला.

रविवारी जहाजं परत निघणार होती. शहरातून निघून सगळी एकामागोमाग एक, नदीच्या वळणावळणाने समुद्राकडे. त्या दिवशी दोन्ही काठांवर टेबलं पडतात. सकाळीच जागा धरायची, दोरी बांधायची, खुर्च्या आणायच्या. सेव्हरँचं टेबल म्हणजे शेजारच्या फेर्नांद मालांदँचं टेबल. तो आणि त्याची बायको आर्लेत दर खेपेला सेव्हरँला ओढून न्यायचे.

"काय रे, सुतकात असल्यासारखं तोंड करून बसलायस!" फेर्नांद म्हणाला. तो बंदरात क्रेन चालवायचा. निवृत्त झाला तरी आवाज क्रेनच्या टोकावरून बोलल्यासारखाच होता. "सायडर घे. थंड आहे."

"सकाळी नको."

"सकाळी नको, दुपारी ऊन, रात्री झोप येत नाही. तुला देवाने पोट दिलंय ते कशाला?"

"त्यांना छळू नका हो," आर्लेत म्हणाली. ती कोंबडीचे तुकडे ताटात लावत होती. "सेव्हरँ, तुम्ही सोलांजला भेटून आलात की नाही?"

"का?"

"का काय का! ती चालली ना आज. मारिलीन तिला आपल्या घरी आँजेला घेऊन जातेय, कायमची. घर भाड्याने लावणार म्हणे. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही. फक्त एवढी जहाजं बघून जाते म्हणाली, आणि मारिलीनने ऐकलं." तिने मान वर केली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

सेव्हरँने मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडलं. पाकीट होतं तिथेच होतं.

"मी जरा पलीकडे जाऊन येतो," तो म्हणाला.

"आत्ता? अरे, फेरी बंद होईल!" फेर्नांद ओरडला. "पहिली डोलकाठी वळणावर दिसली की साखळी लावतात!"

"पाणी अजून वरच चढतंय," सेव्हरँ म्हणाला. "ओहोटी लागल्याशिवाय काय खाली येणार?"

फेर्नांदने पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तोही याच काठावर वाढलेला होता. गवताच्या काड्या, एक बाटली, फेसाचा पट्टा, सगळं अजून शहराच्या दिशेने चाललं होतं. समुद्राची भरती नदीत चढत असताना शिडाचं जहाज खाली येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. "हो, तेही खरंच," तो म्हणाला. "जा मग. वेळ आहे."

वेळ आहे म्हटल्यावर सेव्हरँ सावकाश निघाला. उताराच्या धक्क्यावर रांग होती. खाणं थंड ठेवायच्या पेट्या, बाळगाड्या, एक म्हातारा आपली कुत्री कडेवर घेऊन. सेव्हरँचा नंबर आला तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "आम्ही सहाजण आहोत हो, एकत्र जाऊ दिलंत तर..." तो बाजूला झाला. "तुम्ही व्हा पुढे." पुढच्या खेपेला एक जोडपं. "तुम्ही व्हा." खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटत होतं. प्रत्येक जण पुढे गेला की समोर जाऊन काय बोलायचं ते ठरवायला त्याला आणखी थोडा वेळ मिळत होता. गुडघे दुखत होते. कठड्याला टेकून तो पाण्याकडे पाहत राहिला. पाणी अजून चढतंच होतं.

आणि साखळी पडली.

"बंद!" फेरीवाला ओरडला. "आता संध्याकाळी."

"पण भरती आहे अजून," सेव्हरँ म्हणाला.

फेरीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, कीव केल्यासारखं. "आजोबा, इंजिनं असतात आता जहाजांना. टीव्हीवाल्यांची वेळ असते. पाणी कोण बघतंय?"

वरच्या वळणावर, पॉप्लरच्या झाडांच्या वर, एक डोलकाठी सरकत होती. खाली जहाज दिसतच नव्हतं. सफरचंदांच्या बागेमागून, गाईंच्या पाठीवरून, नुसती काठी आणि तिचे दोर.

तो परत टेबलापाशी आला.  फेर्नांदने नुसती खुर्ची ओढून दिली आणि हा त्याचा मोठेपणा होता. चूक तर दोघांनीही तीच केली होती.

जहाजं येऊ लागली. शिडं गुंडाळलेली, इंजिनाचा मंद आवाज.

"याला काय अर्थ आहे?" फेर्नांद म्हणाला. "शिडाची जहाजं, आणि शिडं बांधून ठेवलीत. शर्यतीचा घोडा ट्रकमध्ये घालून मिरवायचा!"

"दर खेपेला तुमचं हेच," आर्लेत म्हणाली. "आणि दर खेपेला पहिला येऊन बसणार तुम्हीच."

आडव्या काठ्यांवर खलाशी ओळीने उभे होते, हात पसरून, वर वर लहान होत गेलेले. लोक टाळ्या वाजवत होते. सेव्हरँ समोर पाहत होता. जहाज सरकलं की पलीकडचा काठ दिसे, पुढचं आलं की झाकला जाई. ऑर्व्हिलच्या चढावर नावाड्याचं जुनं घर, त्यासमोर तिचं टेबल, पांढरं कापड घातलेलं. ती बसलेली. मारिलीन उभी. मागे गाडीचं दार उघडं. टेबलाच्या बाजूला हाकेचा खांब.

पूर्वी फेरीबोट नव्हती तेव्हा एक वल्ह्याची होडी असे, आणि ती सोलांजचे वडील चालवत. दोन्ही काठांवर एकेक खांब होता. होडी पलीकडे असली की अलीकडच्या माणसाने खांबावर पांढरं कापड टांगायचं: ये, कुणालातरी पलीकडे जायचंय. नावाड्याने ते पाहिलं की तो वल्हं उभं धरायचा: पाहिलं, येतो. ज्याने टांगलं त्याने ते स्वतः उतरवायचं नाही, हा नियम होता. नावाडी यायचा, आधी खांबाकडे जायचा, कापड उतरवून घडी करून मालकाच्या हातात द्यायचा, मग माणूस होडीत. स्वतःच टांगलेलं स्वतःच काढलं म्हणजे वाट पाहायची सोडली, असं धरत. ला फोंतेलचा खांब केव्हाच पडला. ऑर्व्हिलचा राहिला, कारण तो तिच्या दारात होता. आता त्यावर उन्हाळ्यात दिव्यांची माळ लावत.

पोलंडचं जहाज पुढे गेलं आणि समोरच्या टेबलावर कापड नव्हतं. उघडं लाकूड दिसत होतं. सोलांज खांबापाशी उभी होती, एका हाताने खांब धरून, दुसऱ्याने दोरी ओढत. टेबलावरचं कापड वर चढत होतं.

"अरे बघा बघा!" फेर्नांद हसला. "सोलांज जहाजांना टेबलाचं कापड दाखवतेय! म्हातारीला रंग चढला!"

"काहीतरीच!" आर्लेत म्हणाली, पण तिनेही हातरुमाल काढून हलवला. शेजारच्या टेबलावर कुणी तरी पाहिलं, त्यांनीही रुमाल हलवले. मग पुढचं टेबल, मग त्याच्या पुढचं. दोन्ही काठांवर पांढरं काहीतरी फडफडू लागलं. रुमाल, टॉवेल, बाळाचं दुपटं, एका तरुणाचा काढलेला सदरा. जहाजावरून खलाशांनी टोप्या हलवल्या आणि भोंगा वाजला. काठ खूश झाला.

त्या सगळ्या पांढऱ्यात एकच कापड जहाजांसाठी नव्हतं, हे सेव्हरँला कळलं होतं. आणि कळूनही तो बसून होता. कदाचित ती खरंच जहाजांसाठी टांगत असेल. कदाचित मारिलीनने सांगितलं असेल. त्याचे हात जड झाले होते, इतक्या वर्षांचे कागद कुणी त्यांवर रचून ठेवल्यासारखे.

मग तो उठला आणि टेबलाच्या मधली मोठी छत्री उपटली.

"अहो! ऊन लागतंय की!" आर्लेत ओरडली. "केकवर सावली हवी! सेव्हरँ! कुठे नेताय?"

त्याने छत्री मिटली, पट्टा आवळला, आणि काठाच्या अगदी टोकाला जाऊन ती वल्ह्यासारखी उभी धरली.

त्याच क्षणी नॉर्वेचं जहाज आलं. ते सगळ्यांत मोठं होतं. त्याची उंच पांढरी बाजू भिंतीसारखी हळूहळू, फार हळू समोरून सरकत राहिली. तीन डोलकाठ्या, शेकडो दोर. त्यांच्यापुढे एका म्हाताऱ्याच्या हातातली मिटलेली छत्री ती काय दिसणार? वरून एका खलाशाने त्याला सलाम ठोकला. मागून फेर्नांदचा आवाज आला, "शाब्बास सेव्हरँ! मानवंदना!" आणि त्याने स्वतःची चालायची काठी उभी धरली. शेजारच्यांनी बाटल्या उंच केल्या.

सेव्हरँचे दंड भरून आले. त्याने छत्री खाली घेतली नाही.

जहाज गेलं. समोरचा काठ मोकळा झाला. खांबावर कापड होतं. तिची खुर्ची रिकामी होती, आणि गाडीचं दार बंद.

त्यापुढची जहाजं त्याने पाहिली नाहीत. आर्लेतने दालचिनी घालून रात्रभर मंद आचेवर ठेवलेली तांदळाची खीर त्याच्यापुढे केली. ती त्याने खाल्ली, कारण नको म्हणायचंही त्राण नव्हतं.

"उन्हात उभं राहायला सांगितलं होतं कुणी?" ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "ती म्हणायची, तुम्हाला हाक मारायची तर आधी पत्र टाकावं लागतं, आणि मग रिकामी पेटी बघत बसावं लागतं."

"कधी म्हणाली?"

"असंच. बाजारात. हसत होती."

संध्याकाळी साखळी निघाली. मोटारींची रांग चर्चच्या पलीकडे गेली होती. पायी जाणारेही पुष्कळ होते. एक तरुण बाप दोन झोपलेली पोरं दोन खांद्यांवर घेऊन सेव्हरँच्या शेजारी आला आणि बोटीकडे पाहून त्याच्याकडे पाहू लागला. सेव्हरँच्या तोंडाशी ते आलंच होतं, तुम्ही व्हा पुढे.

"माफ करा," तो म्हणाला. "मला जायचंय." आणि बोटीवर चढला. बोटीवर जागा आणखीही होती, बापही चढला. एवढंच होतं ते.

नदी ओलांडायला वेळ लागत नाही. सेव्हरँ कठड्याला धरून उभा होता. पाणी आता समुद्राकडे चाललं होतं, जहाजं गेल्यावर.

ऑर्व्हिलच्या चढावर लोक टेबलांच्या घड्या करत होते. नावाड्याच्या घराच्या खिडक्या बंद होत्या. शेजारची बेर्त कचऱ्याची पिशवी घेऊन उभी होती.

"उशीर केलात," ती म्हणाली. तिला ते टोचून म्हणायचं नव्हतं, पण टोचलं. "ते मोठं जहाज येताच गेल्या. मारिलीनला घाई, मागून सगळ्यांबरोबर निघालं तर रस्त्यातच रात्र व्हायची. सगळेच तसं करतात, शेवटचं जहाज कुणी बघत नाही."

"सोलांजला जायचं होतं?"

"तिला बसायचं होतं आणखी थोडं. पण दमली होती. दमलेल्या माणसाला काय, गाडीत घाला नाहीतर खुर्चीत." बेर्तने पिशवीला गाठ मारली. "आणि ते कापड बघा. चांगलं लिननचं, तिच्या आईचं. मारिलीन म्हणाली, काढते मी. तर ही म्हणे, राहू दे. ते मी काढायचं नाही, आणि तूही नाही. आता पावसात कुजेल तिथे."

सेव्हरँ खांबापाशी गेला. दोरीची गाठ त्याला लगेच सुटेना. नखं दुखली. मग कापड खाली आलं, एकदम, त्याच्या डोक्यावर आणि खांद्यांवर. सायडरचा एक डाग होता आणि कडेला चीजचा वास. त्याने ते छातीशी धरून घडी केली, आधी लांब, मग अर्धी, मग पुन्हा अर्धी. घडी सरळ आली नाही.

"तुमच्याकडे तिचा पत्ता आहे?" त्याने विचारलं.

"आँजेचा? आहे ना. सांगू?"

तो दाराच्या पायरीवर बसला. पुस्तकातून पाकीट काढलं, ऑर्व्हिलचा पत्ता खोडला आणि बेर्त सांगत गेली तसा नवा लिहिला. कागद नव्हता. हातातल्या पुस्तकाचं शेवटचं कोरं पान त्याने फाडलं. आयुष्यात त्याने पुस्तकाचं पान कधी फाडलं नव्हतं; आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

त्याने लिहिलं:

'सोलांज, कापड मी उतरवलं. माझ्याकडे आहे. डाग धुऊन कसा काढायचा ते मला माहीत नाही. मी हो म्हणतो. मला तेव्हाच हो म्हणायचं होतं. वरच्या खोलीत आता भाडेकरू राहतील, तर आँजेमध्ये एखादी कोरडी खोली मिळते का ते बघ, किंवा नुसतं जेवायला ये म्हण. मी कापड घेऊन येतो. सेव्हरँ.'

ते वाचून पाहायचं त्याने टाळलं. पाकीट जिभेने ओलं केलं. इतक्या वर्षांनी डिंक कडवट झाला होता आणि नीट चिकटेना. त्याने अंगठ्याने दाबून धरलं.

"उद्या सकाळी टाका की," बेर्त म्हणाली. "आज कोण नेतंय पत्र?"

"उद्या मी वाचून बघेन," तो म्हणाला.

धक्क्याजवळ पोस्टाची पिवळी पेटी होती. तिथवर जाताना त्याला दोनदा थांबावं लागलं, कापड एका काखेतून दुसऱ्या काखेत घ्यायला. पेटीची फट अरुंद होती. पाकीट आत गेलं आणि अर्ध्यावर अडलं. त्याने ते ढकललं.

आत कागद पडल्याचा आवाज आला.